चाळिशीनंतरचं एफ.वाय.

प्रश्न : मी 42 वर्षांची. बारामतीजवळच्या गावात राहते, एका पतसंस्थेत 16 वर्षं कॅशला बसते. 2001 साली बारावी झाले, एफ.वाय.ला नाव घातलं आणि दिवाळीनंतर लग्न झालं. आता पदवी करावीशी वाटते. मनातून मराठी घ्यायचंय, पण आमचे साहेब म्हणतात बढतीसाठी बी.कॉम.च कर. सासूबाई म्हणतात, "आता काय कलेक्टर व्हायचंय?" मिस्टर गप्प. लेक पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, ती म्हणाली, "कर गं आई, पण माझ्या मैत्रिणींना सांगू नकोस." मुक्त विद्यापीठाचा फॉर्म दोनदा उघडून बंद केला. जमेल का मला?

उत्तर : ताई, सासूबाईंच्या टोमण्याने तुम्ही फॉर्म बंद केला असेल असं मला वाटत नाही. ते तुम्ही वीस वर्षं ऐकून पचवलेत. लागलंय ते लेकीचं बोलणं. अहो, त्या वयात आईने स्टेटसला फोटो टाकला तरी पोरांना लाज वाटते! रुसू नका, तिला कामाला लावा. ओटीपी, फोटोची साइज, फी भरणं, सगळं तिच्याकडून करून घ्या.

कागद मात्र आधी काढा. मार्कशीट माहेरच्या नावाची आणि आधार सासरच्या, इथेच बहुतेकींचं गाडं अडतं. लग्नाचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र हाताशी ठेवा. मार्कशीट सापडत नसेल तर विभागीय मंडळाकडून दुसरी प्रत मिळते. जुन्या एफ.वाय.च्या मागे लागू नका, नव्याने सुरुवात करा.

नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 साली निघालं तेच तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी. पदवी यूजीसीमान्य आहे. "बाहेरून केलीस होय?" म्हणत कुणी नाक मुरडेल, मुरडू दे.

आता मराठी की बी.कॉम. साहेबांचं ऐकण्याआधी संस्थेचे सेवानियम मागून वाचा. तिथे नुसतं 'पदवीधर' लिहिलंय की 'वाणिज्य पदवीधर'? नुसतं पदवीधर असेल तर बिनधास्त मराठी घ्या. पुढे सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. (सहकार आणि हिशेबाची सरकारी पदविका) परीक्षा द्या. तिला कुठल्याही शाखेची पदवी चालते, आणि हिशेब तर तुम्ही रोजच बघता. नावडते विषय घेऊन रात्री दहानंतर पुस्तक उघडवत नाही, एवढं मी अनुभवाने सांगते.

जमेल का म्हणता, तर डोक्याची मला काळजी नाही. काळजी हाताची आहे. मी 46व्या वर्षी एम.ए.च्या पेपरला बसले. दीड तासात बोटं आखडली. शेजारचा पोरगा पुरवणी मागत होता आणि मी बाकाखाली अंगठा चोळत बसले होते. उत्तर येत होतं, हात चालत नव्हता, कारण कितीतरी वर्षांत किराण्याची यादी आणि सही यापलीकडे मी काही लिहिलंच नव्हतं. तुमचंही पतसंस्थेत सगळं कॉम्प्युटरवर असणार. तेव्हा आजपासून रोज एक पान लिहा, घड्याळ लावून. काहीही लिहा, पेपरातला अग्रलेख उतरवलात तरी चालेल. महिन्याने दोन पानं.

मिस्टरांचं गप्प बसणं होकार धरू नका. संपर्क सत्रं, म्हणजे अभ्यासकेंद्रावरचे वर्ग, बहुतेक रविवारी असतात, आणि रविवार म्हणजे पाहुणे, मटण, आठवड्याचं धुणं. ते कोण बघणार हे प्रवेश घेण्याआधीच त्यांच्या तोंडून वदवून घ्या, तेही सासूबाईंसमोर. परवानगी मागू नका, फक्त वार आणि वेळ सांगा.

फॉर्म तिसऱ्यांदा उघडाल तेव्हा अभ्यासकेंद्र निवडताना एसटीचं वेळापत्रक शेजारी ठेवा. संध्याकाळची शेवटची गाडी चुकेल असं केंद्र घेऊ नका.