पुण्याहून जोहान्सबर्गला दोन वर्षांचं डेप्युटेशन मिळतंय. बायको आणि सहा वर्षांच्या मुलीला नेणं सुरक्षित आहे का? आई-बाबा नकोच म्हणतायत.

मी कोथरूडचा. जोहान्सबर्गला सहकुटुंब काही वर्षं काढून परत आलोय, म्हणून लिहितो.

आधी आई-बाबांची बाजू. ते उगाच घाबरत नाहीयेत. २०२२-२३ या वर्षात दक्षिण आफ्रिकेत साडेसत्तावीस हजारांच्या आसपास खून झाले. भारतातला २०२२ चा आकडा साडेअठ्ठावीस हजार. म्हणजे जेमतेम सहा कोटींचा देश आणि एकशे चाळीस कोटींचा देश, खून जवळपास सारखेच! हे त्यांच्यापासून लपवू नका, आज ना उद्या व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांना कळणारच आहे.

पण हे खून देशभर सारखे पसरलेले नाहीत. केप टाउनचं न्यांगा, खायेलित्शा, डर्बनजवळचं इनांडा अशा वस्त्यांमध्ये ते एकवटलेत, आणि मरणारे बहुतेक तिथलेच गरीब तरुण असतात. तुमच्यासारख्याच्या वाट्याला येऊ शकतं ते वेगळं: गाडी हायजॅक होणं, सिग्नलला काच फोडून बॅग नेणं, विमानतळापासून पाठलाग, घरात घुसून लूट. त्याच वर्षी देशात हायजॅकचे २२ हजारांवर गुन्हे नोंदले गेले, त्यातले जवळपास निम्मे गाउटेंग प्रांतात, म्हणजे तुम्ही जाताय तिथे. या लोकांना तुमचा जीव नको असतो, गाडी, फोन आणि सोनं हवं असतं. त्यामुळे बराचसा बंदोबस्त आधी करता येतो, आणि त्याला पैसे लागतात. म्हणून माझ्या मते तुमची खरी लढाई चोरांशी नाही, इथे पुण्यात बसलेल्या एचआरशी आहे. सही करायच्या आधी भांडून घ्या. नंतर कोणी विचारत नाही.

घर गार्ड आणि इलेक्ट्रिक कुंपण असलेल्या कॉम्प्लेक्समध्ये किंवा इस्टेटमध्येच हवं, आणि भाडेभत्ता तेवढा हवा. सुटा बंगला स्वस्त मिळतो आणि मोठा असतो, मोहात पडू नका. घर बघताना स्वयंपाकघराआधी तीन गोष्टी बघा: बेडरूमकडे जाणाऱ्या पॅसेजला लोखंडी जाळीचं दार आहे का, पॅनिक बटण चालू आहे का आणि ते दाबल्यावर कोण येतं. तिथे पोलिसांपेक्षा खासगी सुरक्षारक्षक कितीतरी जास्त आहेत. बटण दाबलं की सिक्युरिटी कंपनीचे बंदूकधारी लोक गाडीतून येतात. वीज गेल्यावर कुंपण बॅटरीवर किती वेळ चालतं, हेही विचारा. एजंटला हा प्रश्न आवडत नाही.

दुसरी मागणी दोन गाड्यांची. एचआर म्हणेल ही चैन आहे. नाहीये. सोबत जाणाऱ्या जोडीदाराला त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. इथे अ‍ॅक्टिव्हा काढून कुठेही जाणारी तुमची बायको तिथे गाडीशिवाय दिवसभर घरात अडकेल. मिनीबस टॅक्सीच्या वाटेला नवख्याने जाऊ नये, आणि दूध आणायला चालत जाण्याची पद्धतच नाही. उबर मिळते, पण शाळेची रोजची ने-आण तिच्या भरवशावर नको. शिवाय खासगी हॉस्पिटलचा विमा पहिल्या दिवसापासून हवाच.

आता रोजचं वागणं. सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे स्वतःच्या घराचं गेट, कारण तिथे गाडी थांबते आणि माणूस सैल पडतो. आमच्याकडे अंगवळणी पडलेला प्रकार असा होता: घराच्या दोन वळणं आधी गाणी बंद, फोन खाली. आरशात बघायचं. मागे मघाचीच गाडी असेल तर घराकडे न वळता सरळ पुढे, एक चक्कर मारून यायचं. तरीही मागे असेल तर पोलीस स्टेशन, नाहीतर चोवीस तास चालू असणारा पेट्रोल पंप. गेट सरकत असताना गाडी त्याच्या तोंडाशी नेऊन उभी करायची नाही, कारण मागून कोणी लावली की पुढे गेट, मागे गाडी. रस्त्याला समांतर थांबायचं, गेट पूर्ण उघडलं की आत, आणि ते बंद होईपर्यंत दार उघडायचं नाही. शेजारच्या एका गृहस्थांना गेटवरच दोघांनी गाठलं होतं. त्यांनी शांतपणे हात वर केले आणि गाडी देऊन टाकली. संध्याकाळी ते आमच्याकडे चहा प्यायला बसले होते. गाडी गेली तर विमा आहे. ‘असं कसं देऊ, हप्ते भरतोय’ हा कोथरूडी बाणा तिथे जिवावर बेततो.

मुलीची सीट ड्रायव्हरच्या बरोब्बर मागे लावा. उतरायची वेळ आली तर हात आधी तिच्यापर्यंत पोचतो, आणि ‘मागे मूल आहे’ हे मोठ्याने सांगायचं असतं.

सिग्नलला पुढच्या गाडीची मागची चाकं दिसतील एवढं अंतर ठेवा, म्हणजे वळवून निघता येतं. इथे आपण दोन गाड्यांच्या मध्ये स्कूटर घुसेल म्हणून बंपरला बंपर लावतो, ती सवय सोडा. पर्स सीटवर कधीच नाही, डिकीत. स्पार्क प्लगच्या चिनीमातीचा एवढासा तुकडा फेकला की काचेचा चुरा होतो आणि बॅग गेलेली असते. काचांना फिल्म बसवून घ्या. मॉलमध्ये रिमोट दाबला तरी दार हाताने ओढून बघा, रिमोटचा सिग्नल जॅम करून दार उघडंच ठेवणारे असतात. आणि निळा दिवा लावून कोणी अडवलं तर खोटे पोलीसही असू शकतात. हॅझर्ड लाइट लावून हळूहळू पोलीस स्टेशनपर्यंत जायचं. पोलिसांसाठी १०१११, मोबाइलवरून ११२.

सोन्याचं मात्र ऐका. भारतीयांच्या घरात सोनं असतं हे तिथल्या चोरांना पक्कं माहीत आहे. लग्नातलं मंगळसूत्र, पाटल्या, सगळं इथल्या लॉकरमध्ये. तिथे काळ्या मण्यांचं साधं गळ्यातलं पुरे. सासूबाई काय म्हणतील हा प्रश्न विमानात बसायच्या आधी मिटवा. सोनसाखळीच्या भीतीने पहाटे फिरायला जाताना पदर ओढून घेणाऱ्या बायका पुण्यातही आहेतच की.

हे सगळं वाचून तिथे तुरुंगवास असतो असं वाटेल, पण तसं नाही. कॉम्प्लेक्सच्या आत मुलं अंधार पडेपर्यंत सायकली फिरवतात. शतपावलीही आतल्या रस्त्यावर होते. शनिवारी सकाळी पार्करनला, म्हणजे बागेतल्या पाच किलोमीटरच्या मोफत दौडीला, शेकडो लोक पळतात, लहान मुलांसकट. जोहान्सबर्गमधल्या फोर्ड्सबर्ग भागात आपला सगळा भारतीय किराणा मिळतो. हवा तर अशी, की परत आल्यावर पुण्याची हवा चांगली असं म्हणायला जीभ रेटत नाही.

घर, दोन गाड्या, विमा, आणि पोचल्यावर विमानतळावर नाव-नंबर आधी कळवलेला ड्रायव्हर. एवढं लेखी मिळालं तर मी सहकुटुंब जाईन. ‘तिथे गेल्यावर बघू’ असं उत्तर आलं तर एकटाही जाणार नाही. विमान दिवसा उतरणारं घ्या, आणि दोघांचंही आंतरराष्ट्रीय लायसन्स संगम पुलाजवळच्या आरटीओतून काढून ठेवा. ऑफिस कुठे आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. सँडटन असेल तर राहण्याचे भाग वेगळे सुचवेन, मिडरँड असेल तर वेगळे.