मुलाचा रडवेला फोटो टाकू का?

प्रश्न : ताई, मी 38 वर्षांची आहे. दोन वर्षं नियमित धावते, 10 किलोमीटर आरामात होतात. पाच महिन्यांनी पहिली पूर्ण, म्हणजे 42 किलोमीटरची मॅरेथॉन धावायची आणि त्यानिमित्ताने दिव्यांग मुलांच्या एका संस्थेसाठी पैसे जमवायचे, असं ठरवलंय. मैत्रिणी म्हणतात, एखाद्या मुलाचा डोळ्यांत पाणी आणणारा फोटो टाक, लगेच पैसे येतील. मला ते पटत नाही. पण नुसते पैसे मागायलाही जीभ रेटत नाही. आणि मधेच थांबावं लागलं तर लोकांचे पैसे परत करायचे का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्यातून मी स्वतः गेले आहे. माझी पहिली मॅरेथॉन 34व्या किलोमीटरला संपली. पोटरीत असा गोळा आला की पाय टेकवेना. मी मुलांच्या स्प्लिंटसाठी, म्हणजे पाय-घोट्याला आधार देणाऱ्या प्लॅस्टिकच्या साच्यासाठी, पैसे जमवले होते. त्याच रात्री प्रत्येकाला कळवलं, की मी 34ला थांबले, तुमचे पैसे संस्थेत जमा आहेत, कुणाला परत हवे असतील तर मी माझ्या खिशातून देते. एकानेही मागितले नाहीत. लोकांनी स्प्लिंटसाठी दिले होते आणि स्प्लिंट होणारच होते.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की मागताना वस्तूचं नाव घ्या. ‘दिव्यांग मुलांना मदत करा’ असं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही, आणि मग ती पोकळी भरायला रडवेला फोटो लागतो.

मी मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसणं) असलेला सात वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे येतो. गेल्या वर्षी त्याचे वडील त्याचा स्प्लिंट घेऊन आले, तर आत जुन्या मोज्याची घडी चिकटवलेली. मुलाचा पाय वाढला होता, घोट्याचं हाड प्लॅस्टिकवर घासत होतं. स्प्लिंट काढल्यावर कातडीवर थोडी लाली दिसतेच, पण ती वीस-तीस मिनिटांत जायला हवी. त्याची तासाभरानेही गेली नव्हती. तो बोलला काही नाही, फक्त पाय मागे घेतला. हा स्प्लिंट त्या-त्या पायाचा साचा घेऊन बनवतात, त्यामुळे दुसऱ्याचा उतरलेला चालत नाही, आणि वाढत्या वयात साधारण वर्ष-दीड वर्षात नवा करावाच लागतो. एकाच पायात स्प्लिंट असेल तर त्या पायाला मोठा बूट लागतो, म्हणजे आईबाप दोन मापांचे दोन जोड घेतात. श्रवणयंत्राच्या कानातल्या साच्याचं तेच, व्हीलचेअरचंही तेच. मूल वाढतं आणि प्रत्येक वेळी खर्च नव्याने उभा राहतो. आपण धावणारे बुटासाठी किती चोखंदळ असतो! तुम्हाला हे लोकांना सहज समजावता येईल.

तेव्हा संस्थेत जा, यंदा कोणत्या मुलांना काय हवंय ते विचारा आणि तेवढंच लिहा. मूल कोणतं, हे सांगायची गरज नाही. फोटो हवाच असेल तर स्प्लिंटचा टाका. मुलाचा टाकायचा असेल तर आईवडिलांना विचारा, आणि मुलालाही विचारा. त्याला हो-नाही सांगता येतं. शब्दांत नसेल येत तर नजरेने, मानेने. थांबून वाट बघावी लागते, एवढंच. पैसे थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्या आणि पावतीही संस्थेचीच असू द्या. शर्यतीची फी, प्रवास, बूट हे सगळं तुमचं तुम्ही करा. एवढं चोख असलं की मागताना जीभ अडखळत नाही.

अमेरिकेतल्या रिक हॉइटची गोष्ट मला इथे सांगावीशी वाटते. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, बोलणं संगणकाच्या मदतीने. 1977 साली एक खेळाडू अपघातात लुळा पडला, त्याच्या मदतीसाठी पाच मैलांची दौड होती. आपणही त्यात भाग घ्यायचा, हे पंधरा वर्षांच्या रिकने वडिलांना सांगितलं. डिक हॉइट त्याची व्हीलचेअर ढकलत पूर्ण अंतर धावले. पुढे दोघांनी कितीतरी वर्षं बॉस्टन मॅरेथॉन केली. सगळ्यांना आठवतात ते ढकलणारे वडील. मला मात्र दुसऱ्याच्या मदतीला धावून जावंसं वाटलेला तो मुलगा जास्त आठवतो. तुमच्या संस्थेतल्या मुलांनाही विचारून बघा, त्यांना या मोहिमेत काय करायचंय. कुणी चित्र काढेल, कुणी आभाराचे निरोप टाइप करेल.

आता धावण्याबद्दल थोडक्यात. 10 किलोमीटरचा पाया असेल तर पाच महिने पुरतात. आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. आठवड्यातून एकच लांब दौड ठेवा, ती हळूहळू वाढवत 30-32 किलोमीटरपर्यंत न्या, दर चौथ्या आठवड्यात अंतर कमी करा आणि शेवटचे तीन आठवडे पायांना विसावा द्या. मी केलेली चूक करू नका: पैसे देणारे बघताहेत या विचाराने पहिले 15 किलोमीटर मी जोरात काढले. तीन महिन्यांत लांब दौड 22-23च्या पुढे सरकली नाही, तर सरळ अर्ध्या मॅरेथॉनला नाव वळवा आणि तसं सगळ्यांना कळवा.

शर्यतीनंतर दोनेक महिन्यांनी देणाऱ्यांना आणखी एक निरोप लिहायचा आहे, तो आत्ताच वहीत टिपून ठेवा: किती स्प्लिंट झाले, मुलांना नीट बसले का.