छोले कडक आणि भटुरे तेलकट का होतात

तुमचे तीन प्रश्न आहेत: आठ शिट्ट्या करूनही छोले आतून कचकचीत राहतात, रंग दिल्लीसारखा काळसर न येता लालभडक येतो, आणि भटुरे तेल पितात. कृती वाचली. कांदा-टोमॅटो परतून त्यात भिजवलेले चणे घालता आणि सगळं एकदमच कुकरला लावता. पहिल्या दोन प्रश्नांचं मूळ तिथेच आहे.

चण्याची साल आणि गर पेक्टिन नावाच्या चिकट घटकाने बांधलेले असतात. ते विरघळलं की चणा मऊ होतो, पण आंबट पाण्यात ते नीट विरघळत नाही. म्हणून टोमॅटो, आमचूर, अनारदाणा (डाळिंबाचे वाळवलेले दाणे), जे काही आंबट असेल ते चणा बोटांत चिरडण्याइतका शिजल्यावरच घालायचं. बोअरचं जड पाणीही असाच त्रास देतं, कारण त्यातलं कॅल्शियम पेक्टिनला घट्ट करतं. पाव किलो काबुली चणे चमचाभर मीठ घातलेल्या पाण्यात ८ ते १० तास भिजवा. मिठाने साल मऊ होते. ते पाणी फेकून, शिजवताना ताज्या पाण्यात चिमूटभरच खाण्याचा सोडा घाला. जास्त झाला तर साबणासारखी चव येते आणि सालं सुटून वर तरंगतात. एक शिट्टी झाली की आच बारीक करून २० ते २५ मिनिटं ठेवा. शिट्ट्या मोजू नका, प्रत्येक कुकरची शिट्टी वेगळी असते. एवढं करूनही कडक राहिले तर चणे जुने आहेत. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या चण्याला इलाज नाही, दुकान बदला.

आता रंग. ज्या छोल्यांची चव तुमच्या जिभेवर आहे ते पिंडी छोले. पिंडी म्हणजे रावळपिंडी. १९४७ च्या फाळणीनंतर तिकडची असंख्य पंजाबी कुटुंबं दिल्लीत आली, त्यांच्यासोबत हा प्रकारही तिथल्या रस्त्यांवर रुजला. अस्सल पिंडी छोल्यांत कांदा, लसूण, टोमॅटो काहीच नसतं. तुम्ही करता ती छोल्यांची रस्साभाजी आहे. चांगलीच लागते, मीही करते, पण तिच्यातून तो रंग कधीच येणार नाही.

कुकरमध्ये चण्यांबरोबर एक पुरचुंडी टाका: दीड चमचा साधी चहा पावडर, चार-पाच तुकडे आवळकाठी (वाळवलेला आवळा), दोन मसाला वेलच्या, दालचिनीचा तुकडा, तमालपत्र. आवळकाठी आंबट आहे हे खरं, पण एवढ्याशा तुकड्यांना सोडा पुरून उरतो. चहा आणि आवळा या दोन्हींत टॅनिन हा तुरट घटक असतो. टॅनिनला लोखंड भेटलं की गडद काळा रंग तयार होतो. त्यामुळे पुढचं काम लोखंडी कढईत करा. नुसत्या चहाने तपकिरी छटा येते, काळेपण लोखंडामुळे येतं. आवळकाठी आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात हमखास मिळते.

मसाला मात्र घरीच भाजा, कारण पिंडी छोल्यांची सगळी चव त्यातच आहे. दोन चमचे धणे, एक चमचा जिरे, दोन चमचे अनारदाणा, पाव चमचा ओवा, दहा-बारा मिरी, चार लवंगा, एका मसाला वेलचीचे दाणे आणि दोन सुक्या लाल मिरच्या. धणे-जिरे आपण गोडा मसाल्याला भाजतो त्याहून एक पायरी पुढे, कॉफीच्या रंगावर येऊ द्या. जळल्याचा वास येण्याआधी उतरवा. अनारदाणा वेगळा, मंद आचेवर, चिकटपणा जाऊन खुळखुळीत होईपर्यंत भाजा, नाहीतर मिक्सरच्या पात्याला चटणीसारखा चिकटून बसतो. दळल्यावर एक चमचा आमचूर, अर्धा चमचा काळं मीठ आणि चुरलेली कसुरी मेथी मिसळा.

शिजलेले छोले निथळून कढईत घ्या, पाणी जपून ठेवा. वर सगळा मसाला पसरा, त्यावर आल्याच्या लांब काड्या आणि उभ्या चिरलेल्या हिरव्या मिरच्या. तीन मोठे चमचे तूप चांगलं कडक तापवून थेट मसाल्यावर ओता. इथे फोडणी आधी नसते, वरून असते, आणि ते चुर्र झालं की घरभर जो वास सुटतो त्यासाठी मी हा खटाटोप पुन्हा पुन्हा करते. मग हलवा, वाटीभर राखलेलं पाणी घाला, थोडे चणे डावाने चेचा आणि मंद आचेवर १५ मिनिटं मुरू द्या. उरलेले छोले कढईत ठेवू नका. आंबटामुळे सकाळपर्यंत लोखंडाची चव उतरते.

भटुऱ्याचं थोडक्यात सांगते. दोन वाट्या मैदा, पाव वाटी बारीक रवा, पाव वाटी दही, चमचाभर साखर, मीठ, पाव चमचा सोडा, चमचाभर तेल. कोमट पाण्याने पुरीपेक्षा बरंच सैल पीठ भिजवा, दहा मिनिटं तिंबा, ओल्या फडक्याखाली दोन-तीन तास झाकून ठेवा. यीस्टची गरज नाही. भटुरा वाफेने फुगतो. पीठ विसावलं नसेल तर लाटताना आखडतं, कुठे जाड कुठे पातळ होतं, आणि वाफ पातळ जागेतून निसटून जाते. पिठी न लावता तेलाच्या हातावर लाटा, कारण पिठी तेलात जळते.

तेल पिण्याची कारणं दोनच आढळली आहेत मला: तेल पुरेसं तापलेलं नसणं आणि सोडा जास्त होणं. पिठाचा कण टाकला की क्षणात वर यायला हवा. एका वेळी एकच भटुरा सोडा, झाऱ्याने हलकेच दाबा, उलटा, काढा. मिनिटभरही लागत नाही. ताटात आल्यावर तो बसतो ते मात्र स्वाभाविक आहे, आतली वाफ निवते. म्हणून माणसं आधी पानावर बसवा, मग तळायला घ्या.

आणि तुम्ही कुलच्यांबरोबर हेच छोले चालतील का असं विचारलंत. चालतील, पण दिल्लीत हातगाडीवर मिळतो तो मटर कुलचा पांढऱ्या वाटाण्याचा असतो. तो मऊ घोटलेला, वरून लिंबू, आलं, कांदा आणि कोथिंबीर. त्याला चहा-आवळा काही लागत नाही.