मेंदूला सूज, मेंदूज्वर की आवरणदाह?

म्हसरूळच्या एका वाचकांनी विचारलंय: भाच्याच्या डिस्चार्ज कार्डावर 'बॅक्टेरियल मेनिंजायटिस' होतं, डॉक्टर 'मेंदूला सूज' म्हणाले, शेजारी 'मेंदूज्वर' म्हणतात, कोशात 'मस्तिष्कावरणशोथ' सापडलं. यातलं बरोबर कोणतं?

'मेंदूज्वर' मी टाळेन. 'जपानी मेंदूज्वरा'मुळे तो शब्द डासांनी पसरणाऱ्या, खुद्द मेंदूच्या विषाणूजन्य आजाराला चिकटलाय. इथे आजार सुरू होतो तो मेंदूच्या आवरणांत.

खरी मेख 'सूज'मध्ये आहे. न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस यांसारखे जिवाणू बहुधा रक्तातून आवरणांमधल्या पाण्यात उतरतात. 'पाठीतलं पाणी' काढून तपासतात ते हेच. तिथे जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं जेमतेम, त्यामुळे जिवाणू भराभर वाढतात. त्यांच्या भिंतीचे तुकडे आपल्या पेशी ओळखतात आणि टीएनएफ, इंटरल्यूकिन-१ अशी रसायनं सोडतात. रक्तवाहिन्यांची वीण सैल होते, पांढऱ्या पेशी आत घुसतात. एरवी या पाण्यात मायक्रोलिटरमागे ५ पर्यंत असणाऱ्या या पेशी अनेकदा हजारावर जातात. हे झालं इन्फ्लमेशन. पुढे वाहिन्यांतून पाणी झिरपतं, मेंदू फुगतो, कवटीत जागा नसल्यानं दाब वाढतो. ही इडिमा, म्हणजे अस्सल सूज. डॉक्टर 'सूज' म्हणाले तेव्हा दोन्हींपैकी काय अभिप्रेत होतं, ते त्यांनाच विचारावं लागेल!

मग इन्फ्लमेशनला शोथ म्हणायचं की दाह? पंचवटीतल्या कुठल्याही वैद्यांना विचारा, शोथ म्हणजे सूजच, आणि दाह म्हणजे आग होणं. विश्वकोशातल्या नोंदींत 'दाहयुक्त सूज' असा दोन्ही डगरींवर पाय ठेवणारा खुलासा भेटतो. पण पहिल्या शतकात रोमन ग्रंथकार सेल्ससनं इन्फ्लमेशनची लाली, सूज, उष्णता आणि वेदना अशी ४ लक्षणं सांगितली. सूज त्यातलं एक. लॅटिन शब्दाच्या मुळाशीही ज्वाळाच आहे. माझं मत दाहाला.

शिवाय क्रियापदं बघा. प्रतिजैविकानं जिवाणू फुटले की भिंतीचे आणखी तुकडे सांडतात आणि दाह भडकतो. तो शमावा म्हणून प्रौढांत न्यूमोकॉकसचा संशय असेल तर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड प्रतिजैविकाच्या पहिल्या डोसच्या जरा आधी किंवा सोबत देतात. शोथ काही भडकत नाही. भाच्याच्या आजाराला 'मेंदूच्या आवरणाचा जिवाणूजन्य दाह' म्हणा. मेंदू फुगला असेल तरच 'आणि मेंदूला सूज' जोडा.