वहीतला प्रश्न आणि तिसरी नीट

नागपूरच्या मानेवाड्याहून एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय फिजिक्स. नीट दोनदा देऊन झाली, नंबर लागला नाही. यंदा तिसऱ्यांदा बसवायचंय, पण ती प्रोटॉन थेरपीबद्दल, म्हणजे प्रोटॉन कणांच्या झोताने होणाऱ्या कॅन्सरच्या उपचाराबद्दल, वाचत बसते. 'दवाखान्यातच जायचं तर डॉक्टर होऊन जा, बटणं दाबायला कशाला?' असं वडील विचारतात. ती वेळ कसा घालवते हे दाखवायला तिच्या वहीच्या पानाचा फोटोही त्यांनी जोडलाय.

नमस्कार. तुमच्या पत्रात नातेवाईक काय म्हणतील हे दोनदा आलंय, मुलीला काय हवंय ते एकदाही नाही. 'विचारलं तर गप्प बसते', असं तुम्हीच लिहिता. उत्तर घरात आधीच ठरलेलं असेल तर तिने बोलायचं तरी काय? दोनदा नापसंतीचा शिक्का बसलेल्या मुलीला तिसऱ्यांदा त्याच रांगेत उभं करणं मला अजिबात पटत नाही. मार्कांची काळजी मला नाही, तिच्या गप्प बसण्याची आहे.

आता ते पान. डोक्याची आकृती, आत एक आडवी रेघ आणि खाली पेन्सिलीने प्रश्न: 'प्रोटॉन ठरल्या जागी थांबला हे कळणार कसं?' अहो, हा प्रश्न या क्षेत्रातले शास्त्रज्ञ आजही सोडवताहेत! क्ष-किरण शरीराच्या आरपार जातात. प्रोटॉन मात्र आपली बरीचशी ऊर्जा शेवटच्या टप्प्यात टाकतो आणि थांबतो, म्हणून गाठीमागचा नाजूक भाग वाचतो. पण तो कुठे थांबेल याचा हिशेब सीटी स्कॅनवरून मांडतात, आणि सीटी क्ष-किरणांनी काढलेला असतो. क्ष-किरणांचे ते आकडे प्रोटॉनसाठी बदलून घ्यावे लागतात, आणि त्या रूपांतरात चूक राहते. ती धरून खोलीच्या साधारण साडेतीन टक्के आणि वर एखाद-दोन मिलिमीटर जास्तीची जागा धरतात. १० सेंटिमीटर खोलीवर हे अंतर पाचेक मिलिमीटर होतं, आणि पलीकडे मेंदूचा देठ असला तर ते फार झालं. यावर एक उपाय प्रोटॉन रेडिओग्राफीचा. ऊर्जा वाढवून प्रोटॉन रुग्णाच्या आरपार सोडायचे आणि पलीकडच्या डिटेक्टरवर उरलेली ऊर्जा मोजायची. वाटेत किती ऊर्जा गेली ते कळलं की सीटीवरचा हिशेब ताडून पाहता येतो. प्रोटॉन वाटेत विखुरतात, चित्र धूसर येतं. म्हणून हे काम अजून बहुतांशी संशोधनातच आहे. हे बटणं दाबणाऱ्याचं काम नाही. हा हिशेब मेडिकल फिजिसिस्ट सांभाळतो आणि डॉक्टर त्याच्या आकड्यांवर विसंबतात.

वाट सरळ आहे: फिजिक्समध्ये एम.एस्सी., मग भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा किंवा थेट मेडिकल फिजिक्समधली एम.एस्सी., आणि रुग्णालयात इंटर्नशिप.

एक गोष्ट तिलाही स्पष्ट सांगा. प्रोटॉनची केंद्रं देशात मोजकीच आहेत. चेन्नईला अपोलोचं, खारघरला टाटाचं. नोकरी बहुधा साध्या लिनॅकवरच, म्हणजे क्ष-किरणांनी उपचार देणाऱ्या नेहमीच्या यंत्रावरच, लागेल. तेही तितकंच जबाबदारीचं काम आहे, आणि रेडिएशन देणाऱ्या प्रत्येक केंद्राला मेडिकल फिजिसिस्ट लागतोच.

जामठ्याच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये किंवा तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलमध्ये फिजिसिस्टची वेळ मागा. तिला घेऊन जा, पण प्रश्न तिला विचारू द्या. नीटच्या क्लासची फी भरायची की नाही ते त्यानंतरच ठरवा, आणि ठरवताना ती समोर बसलेली असू द्या.