विचारा की ताई! बाळाचे पहिले फोटो कधी काढायचे?

मागच्या अंकात पोटुशी असतानाच्या फोटोंबद्दल लिहिलं होतं, त्यावर आलेले बरेचसे मेसेज "ते झालं, आता बाळाचं सांगा" असेच होते. त्यातले चार घेतलेत. पहिल्याचं उत्तर जरा लांबलंय, कारण बाकीच्यांचे निम्मे प्रश्न त्यातच येऊन जातात.

ताई, माझी ड्यू डेट डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आहे. स्टुडिओत चौकशी केली तर म्हणाले पाचव्या ते चौदाव्या दिवसातच शूट व्हायला हवं, नंतर ते फोटो येत नाहीत, आणि ॲडव्हान्स आत्ताच भरा. माझी आई म्हणते सव्वा महिना बाळ उंबऱ्याबाहेर काढायचं नाही. बारसं बाराव्या दिवशी करायचंय. कुणाचं ऐकू?
*– होणारी आई, कोथरूड*

अगं, आधी एक सांग, तुला फोटो कुठले हवेत? कारण स्टुडिओवाले म्हणतात ते बरोबर आहे, पण ते एकाच प्रकारच्या फोटोंपुरतं. ते गुडघे पोटाशी घेतलेलं, मुटकुळं करून गाढ झोपलेलं बाळ असतं ना, त्या फोटोंसाठी पहिले दोन आठवडे खरंच सोपे जातात. बाळाला अजून पोटातल्यासारखं आखडून झोपायची सवय असते, दिवसातले सोळा-सतरा तास झोपेतच जातात, आणि उचलून दुसरीकडे ठेवलं तरी पटकन जाग येत नाही. दोन-तीन आठवड्यांनंतर हातपाय सुटे व्हायला लागतात, गालावर-कपाळावर बारीक पुटकुळ्या येतात, काही बाळांचं संध्याकाळचं पोटदुखीचं रडं सुरू होतं आणि ते सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं. म्हणून ती घाई.

पण पहिले चार-पाच दिवस नकोच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बऱ्याच बाळांना कावीळ दिसायला लागते, ती पाचव्या दिवसापर्यंत वाढू शकते आणि सहसा दोनेक आठवड्यांत उतरते, वजनही आधी थोडं उतरून मग दहाव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पुन्हा जन्माच्या आकड्यावर येतं, आणि तुझं दूध अजून नीट उतरत असतं. फोटोतला पिवळेपणा एडिटिंगमध्ये दोन मिनिटांत जातो, पण म्हणून तो विसरायचा नाही, तळपाय पिवळे दिसले तर फोटोग्राफर राहू दे, आधी डॉक्टरांना फोन. नाळ पडायलाही साधारण एक ते दोन आठवडे लागतात. ती असताना पालथं झोपवायचे हट्ट नकोत, दुपटं गुंडाळून छान फोटो होतात.

आणि तुझं काय? सिझर झालं तर तीन-चार दिवस हॉस्पिटलमध्येच जातात, त्यानंतरही टाके ओढतात, उठता-बसता जीव जातो. तेव्हा सहाव्या दिवशी साडी नेसून हसत बसायचं कुणासाठी? मी तरी दहाव्या ते चौदाव्या दिवसातलं काहीतरी धरीन, बारशाचा दिवस आणि त्याचा आदला दिवस सोडून. बारशाला बाळ या हातातून त्या हातात फिरतं, त्या दिवशी ते शूटला झोपेल ही आशा ठेवू नकोस. बारशाचे फोटो वेगळे, "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" चाललेलं असताना पाळण्याखालून हात पुढे आलेत, आत्या कानात नाव सांगतीये, ते आपोआप चांगले येतात, कुणी पोज द्यायला लागत नाही.

आईचं म्हणणं मात्र मी मोडणार नाही. एवढ्या लहान बाळाला गर्दीत नेऊ नये असं डॉक्टरही सांगतात, आणि एखाद्या स्टुडिओतल्या टोप्या-टोपल्या किती बाळांना घालून झाल्यात कुणाला माहीत. फोटोग्राफरलाच घरी बोलव. पुण्यात घरी येऊन काढणारे भरपूर आहेत, आणि सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये दोन आठवड्यांचं बाळ घेऊन अडकण्यापेक्षा त्यालाच अडकू दे. येताना सर्दी-खोकला असेल तर येऊ नकोस हे आधीच सांग, आला की साबणाने हात धुवायला लाव. लाजू नकोस.

दिवसातली वेळ हे त्या चौदा दिवसांइतकंच महत्त्वाचं आहे आणि ते कुणी सांगत नाही. आपल्याकडे मालिशवाली बाई सकाळी येते, तेल लावून अंघोळ झाली, दूध पिऊन झालं की बाळ दोन-अडीच तास असं झोपतं की बस. तीच वेळ धर. बाई साडेनऊला येत असेल तर फोटोग्राफरला साडेदहाला बोलव, त्याची मांडामांड होईपर्यंत तुझं पाजून होईल. फक्त त्या दिवशी डोक्याचं आणि कपाळाचं तेल नीट टिपून घ्यायला सांग, नाहीतर फोटोत बाळ चकाकतं. धुरी तर एरवीही नकोच, धुराचा बाळाच्या छातीला त्रास होतो.

डिसेंबर म्हणजे पुण्यात सकाळी चांगलीच थंडी. बाळ उघडं ठेवून फोटो काढणार असतील तर खोली २६-२८ डिग्री तरी हवी, मोठ्यांना जरा उकडेल इतपत. हीटर लावला तर बाळापासून लांब. दक्षिणेच्या खिडकीतून त्या दिवसांत ऊन थेट आत येतं, तिला पांढरा पडदा किंवा आजीचं जुनं सुती धोतर टांगलं की मऊ उजेड मिळतो, याच्यापुढे स्टुडिओचे लाइट झक मारतात.

ॲडव्हान्सचं म्हणशील तर सहाव्या-सातव्या महिन्यात बुकिंग करायला हरकत नाही, पण नक्की तारीख ठरवून नाही. नेमकी ड्यू डेटलाच येणारी बाळं शंभरात चार-पाच. डिलिव्हरी पुढेमागे झाली, बाळ काचेच्या पेटीत राहिलं, तर तारीख पैसे न कापता पुढे जाईल हे लिहून घे. लिहून देत नसेल तर दुसरा बघ.

आमचं बाळ चौतीसाव्या आठवड्यात झालं. दोन आठवडे एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत होतं, आता दीड महिन्याचं आहे. सगळीकडे चौदा दिवस चौदा दिवस वाचून बायको रोज हळहळतीये की आपली वेळ गेली. खरंच गेली का?
*– नवे बाबा, हडपसर*

नाही हो. चौतीस अधिक सहा, चाळीस. म्हणजे तुमच्या बाळाची खरी ड्यू डेट आत्ता आलीये! लवकर आलेल्या बाळाचं वय डॉक्टरही साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत ड्यू डेटपासून मोजतात, वजन-वाढ बघताना आणि मान कधी धरेल हे सांगतानाही, मग फोटोसाठी वेगळा हिशोब कशाला. तुमच्या बाळाचा पहिला आठवडा आत्ता सुरू होतोय असं वहिनींना सांगा.

पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय तारीख देऊ नका. वजन नीट वाढतंय ना, बाहेरच्या माणसाने घरात यायला हरकत नाही ना, एवढं विचारायचं. उघडं ठेवून, टोपलीत घालून वगैरे फोटो या बाळाला नकोतच, अशी बाळं पटकन गार पडतात. त्यापेक्षा हॉस्पिटलमध्ये तुम्हाला छातीशी धरायला शिकवलं असेल ना, कांगारू केअर, तसंच धरून बसा आणि तो फोटो काढा. तुमच्या दोघांचाही, पाळीपाळीने. आपल्याकडच्या बाळांच्या अल्बममध्ये बाबा फार कमी दिसतात, एकतर ते फोटो काढत असतात नाहीतर औषधं आणायला गेलेले असतात. एनआयसीयूचा हातातला टॅग टाकला नसेल तर तोही फोटोत घ्या, आणि पहिलं झबलं जपलं असेल तर तेही शेजारी ठेवा, वर्षभराने बघाल तेव्हा इवलंसं वाटेल.

नातीचे फोटो काढायला मुलगा मोठ्या फ्लॅशचा माणूस बोलावतोय. एवढ्याशा डोळ्यांना त्रास होणार नाही का? आणि काजळ, तीट काही लावायचं नाही म्हणतात. मग बाळाला नजर लागली तर?
*– आजी, सदाशिव पेठ*

आजी, नेहमीच्या फ्लॅशने डोळे खराब होत नाहीत, ती भीती नको. पण बाळ दचकतं, हात फेकून जागं होतं आणि मग आख्खी दुपार तुम्हालाच मांडीवर घेऊन बसायला लागते. म्हणून त्या माणसाला म्हणा, फ्लॅश बंद कर आणि खिडकीपाशी काढ. दचकायची सवय तीन-चार महिने तरी राहते, दुपट्यात हात आत घेऊन गुंडाळलंत की कमी होते. ते गुंडाळणं तुमच्यासारखं कुणाला जमणार, सून आणि फोटोग्राफर दोघांनाही शिकवा.

काजळ डोळ्यांत नको. बाजारच्या काजळात शिसं सापडलेलं आहे, आणि घरचं केलं तरी बोटाने डोळ्यात जंतू जातात. तीट लावायचीच तर तळपायाला लावा, नजर लागणार नाही आणि फोटोही बिघडणार नाही.

फ्लॅशवरूनच आठवलं, हे सगळ्यांसाठी. फ्लॅशच्या फोटोत डोळे लाल दिसतात ते नेहमीचं. पण एकाच डोळ्यात पुन्हा पुन्हा पांढरी चमक दिसली तर तो फोटो डिलीट करू नका, तोच घेऊन लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. मोतीबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याची गाठ कधीकधी अशीच सापडते, आणि लवकर सापडली तर उपचार होतात. पांढरं दिसलं म्हणजे असेलच असं नाही, पण बघून घ्यायचं.

आणि एक, हाताच्या तळव्यांवर हनुवटी टेकवून बसलेल्या बाळाचा फोटो दाखवून "असाच काढू" म्हणाला तर विचारा, डोकं कोण धरणार. तो फोटो दोन फोटो जोडून करतात, दर वेळी कुणाचातरी हात बाळाला धरून असतो आणि तो नंतर पुसतात. हे त्याला माहीत नसेल तर परत पाठवा. बरणीत घालणं, झोळीत टांगणं, हेही नाही म्हणजे नाही.

बाळ आता तीन महिन्यांचं होईल, आजारपणं आणि घर बदलणं यात एकही धड फोटो नाही. आता काय काढायचं?
*– आई, वाकड*

आता तर मजा! झोपलेलं बाळ सगळ्यांचं सारखंच दिसतं, खरं सांगते, नावं झाकली तर आईलाही ओळखू येणार नाही. दीड-दोन महिन्यांपासून बाळ बघून हसायला लागतं, आणि तीन-चार महिन्यांत पालथं घातल्यावर मान वर काढतं. तसं काढत असेल तर लगेच बोलवा कुणालातरी, नाहीतर मोबाइल चालेल, गोधडीवर पालथं घाला आणि तुम्ही स्वतः जमिनीवर आडव्या व्हा, उभं राहून वरून काढू नका. लसीच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी नको, तापाने किरकिरतं. तुमची चौदा आठवड्यांची लस येतेय, ती झाली की तीन-चार दिवस जाऊ द्या.

मग संक्रांत आली की बोरन्हाण. काळं झबलं, हलव्याचे दागिने, मुकुट, बाळाचा असा फोटो परत कधी मिळणार. दागिने झबल्यावरूनच घाला, हलवा उघड्या अंगाला टोचतो, आणि तोंडात जाणार नाही इतकं लक्ष ठेवायला एक माणूस फक्त त्याच कामाला बसवा. फोटो पहिल्या दहा मिनिटांत उरकायचे, बोरं-चुरमुरे डोक्यावर पडायला लागले की बाळ भोकाड पसरतं, तोही एक काढून ठेवा.