आउटबोर्ड इंजिन बॅटरी चार्ज करत नाही. स्टेटर गेलाय की रेग्युलेटर, हे मल्टीमीटरने कसं ओळखायचं?

स्टेटर (इंजिनात वीज तयार करणारी कॉइल) बदलायला एवढ्यात हो म्हणू नका. तुम्ही लिहिलंय की मिस्त्रीने मीटर न लावताच "स्टेटर गेला" म्हणून सांगितलं, ते वाचलं आणि राहवेना म्हणून लिहितेय.

आमची देवबागला पर्यटकांची बोट आहे, डॉल्फिन आणि संगमाच्या फेऱ्या. मी लग्नाआधी आयटीआयला वायरमन केलेलं, पण इंजिनचं सगळं थोरले दीर बघतात आणि त्यांच्यापुढे मीटर काढला की "मीटर काय बोट चालवतलो?" हे ठरलेलं. एका वर्षी पावसाळ्यानंतर सीझन सुरू झाला आणि दुपारनंतर सेल मारला की नुसता टक आवाज. बॅटरी बदलली, नवी पण तशीच बसली. मग शहरातून मिस्त्री आणला, त्याने फ्यूजला मीटर लावून बीप ऐकवला, रेग्युलेटर (स्टेटरची वीज आवरून बॅटरीला देणारा डबा) बदलला, पैसे घेतले, आणि आठवड्याने पुन्हा तेच झाल्यावर म्हणाला आता स्टेटर. भावोजी तयार होते. मी म्हटलं एक दिवस द्या मला.

सकाळी बोट बाहेर काढायच्या आधी बॅटरी मोजली, 12.6 व्होल्ट. म्हणजे बॅटरी बरी (रात्रभर उभी राहिलेली चांगली बॅटरी 12.6-12.7 दाखवते, 12.2 म्हणजे अर्धी). कर्लीच्या खाडीत इंजिन चालू करून रेस दिली तर बॅटरीवर 12.4, रेस वाढवली तरी हलेना. तिथे 13.8 ते 14.5 च्या मध्ये काहीतरी यायला हवं. इथपर्यंत सगळेच येतात आणि इथूनच स्टेटर-स्टेटर सुरू होतं. मी काळी लीड बॅटरीच्या मायनसवर तशीच ठेवली आणि लाल लीड रेग्युलेटरच्या लाल वायरवर लावली. 14.4! रेग्युलेटरच्या तोंडाशी 14.4 आणि हातभर लांब बॅटरीवर 12.4. दोन व्होल्ट वाटेत खाल्ले जात होते. रेग्युलेटर आपल्या तोंडाशी बघतो, त्याला वाटतं बॅटरी भरली, तो हात आखडता घेतो.

मग लाल वायरवर बॅटरीच्या बाजूने एकेक जोड मोजत आले. फ्यूज होल्डरच्या एका बाजूला 14.4, दुसऱ्या बाजूला 12.5. इंजिन बंद करून होल्डर उघडला. फ्यूज नवाकोरा दिसत होता. पण त्याला धरणारी पितळी चिमटी हिरवी पडलेली, प्लास्टिक तापून तपकिरी आणि बोटाने दाबलं तर मऊ, मागची वायर सोलली तर तांबं आतपर्यंत काळं, दोन-चार तारा तेवढ्या शाबूत. भावोजींनी तेव्हाही म्हटलं, "पण बीप वाजता मां?" वाजणारच! बीपच्या वेळी मीटर इतका बारीक करंट सोडतो की एक तार शिल्लक असली तरी वाजतो. चार्जिंगचे अँपिअर त्यातून जायला लागले की खरं कळतं. म्हणून आमच्या किनाऱ्यावर फ्यूज आणि वायर बीपवर पास करणं मला साफ नामंजूर आहे, खारी हवा वायरला आतून खाते, बाहेरचं रबर नवं दिसत राहतं. इंजिन चालू ठेवून, करंट वाहत असताना दोन टोकांत मोजा. पॉझिटिव्हला 0.2-0.3 व्होल्टच्या वर फरक आला की जोड उघडा. इंजिन ब्लॉक आणि बॅटरीच्या मायनसमध्येही तसंच मोजा, अर्थचं थिंबल (वायरच्या टोकाचं कडं) सगळ्यात आधी सडतं.

आता तुमचं स्टेटर. इंजिन बंद, बॅटरी सोडवलेली, स्टेटरच्या दोन वायरी रेग्युलेटरपासून काढा (मर्क्युरीत बहुतेक पिवळ्या, यामाहात हिरव्या). दोन्हींमध्ये अगदी कमी ओहम यायला हवा, आधी लीड एकमेकींना लावून त्यांचा आकडा वजा करा, नेमकी किंमत तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये असते. प्रत्येक वायर आणि इंजिन बॉडीमध्ये काहीच दाखवायला नको, दाखवलं तर कॉइल बॉडीला लागलीय. मग बॅटरी परत जोडा, मीटर एसीवर ठेवून त्याच दोन वायरींवर लावा आणि इंजिन चालू करा, रेस वाढेल तसा व्होल्टेज चढला तर स्टेटर बरा. तो बरा, वायरी बऱ्या आणि तरी चार्ज नाही, तर रेग्युलेटर. 15 च्या वर जात असेल तरी रेग्युलेटरच. साधा रेक्टिफायर (एसीचं नुसतं डीसी करणारा) असेल तर मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून एकीकडून 0.5 च्या आसपास आणि उलट लावल्यावर काही नाही असं यायला हवं, पण आत इलेक्ट्रॉनिक्स असलेल्या रेग्युलेटरवर ही टेस्ट भरवशाची नाही.

आणि कोणी चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून "बंद पडलं नाही म्हणजे चार्जिंग बरं" असं दाखवायला लागला तर हात धरा त्याचा. भावोजी हे वर्षानुवर्षं करत आले, ट्रकवाल्यांकडून शिकलेले. सीडीआय इग्निशनची (प्लगला ठिणगी देणाऱ्या यंत्रणेची) कॉइल बहुधा वेगळी असते, बॅटरी काढली तरी असं इंजिन चालतच राहतं, मग सिद्ध काय झालं? उलट बॅटरी सुटताच व्होल्टेज उसळतो आणि चांगला रेग्युलेटर जळतो. पहिला रेग्युलेटर असाच गेला असणार असं मी तेव्हाही म्हटलं होतं, आजही म्हणते.

राहिलंच, इंजिन पाण्याबाहेर चालवू नका, इंपेलर (थंड करायचं पाणी खेचणारं रबरी चाक) जळतो. फ्लायव्हील (इंजिनवरचं फिरतं चाक) उघडा असताना ओढणी, केस, सैल बाही लांब ठेवा. सीडीआयच्या चार्ज कॉइलच्या वायरींना चालू इंजिनवर हात लावू नका, तिथे शेकडो व्होल्ट असतात. अँपिअर मोजायला जाल तर साधा मीटर 10 अँपिअरपर्यंतच असतो, आणि तो सिरीजमध्ये असताना सेल मारू नका. रॉकेलवरचं दोरीने ओढायचं छोटं इंजिन असेल आणि त्याला चार्जिंगची कॉइलच नसेल, तर यातलं काहीच लागू नाही.

चालू इंजिनवर बॅटरीचा आणि रेग्युलेटरच्या लाल वायरचा आकडा घेऊन इथेच लिहा, मिस्त्रीला पैसे द्यायच्या आधी.